आफ्टरबर्नरशिवाय १.४ मॅक: नवी मुंबईतल्या एका प्रोजेक्टचा प्रकरण अभ्यास

नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या चौघांनी प्रोजेक्टला एक धाडसी विषय घेतला. लढाऊ विमान आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) न लावता ध्वनीपेक्षा जास्त वेगाने सलग कसं उडत राहतं, याचं गणित स्वतः मांडून बघायचं. या क्षमतेला सुपरक्रूझ म्हणतात. वेग मॅकमध्ये मोजतात: ध्वनीच्या वेगाच्या जितके पट तितके मॅक. गटाचा मार्गदर्शक मी. हाताशी विंड टनेल नव्हती, महागडं सॉफ्टवेअर नव्हतं. पाठ्यपुस्तकातली सूत्रं, उत्पादकांनी जाहीर केलेले आकडे आणि एक एक्सेल शीट, एवढंच भांडवल.

शीटने पहिल्या फेरीत सांगितलं की हे शक्यच नाही. दुसऱ्या फेरीत सांगितलं की विमान दोन मॅकच्याही पुढे निघून जाईल. ही दोन्ही चुकीची उत्तरं मला पुढे आलेल्या बरोबर उत्तराइतकीच मोलाची वाटतात. ‘इंजिन पॉवरफुल आहे म्हणून जमतं’ या एका वाक्यावर हा विषय नेहमी गुंडाळला जातो, आणि त्या वाक्याने काहीच कळत नाही.

विमान कोणतं धरलं

राफेलच्या मापाचं एक कागदी विमान धरलं. पंखांचं क्षेत्रफळ ४५.७ चौरस मीटर, वजन १४ टन, दोन इंजिनं. इंजिनाचे आकडे राफेलच्या एम८८-२ चे, कारण ते खुले आहेत: आफ्टरबर्नरशिवाय ५० किलोन्यूटन थ्रस्ट (विमानाला पुढे ढकलणारा जोर), आफ्टरबर्नर लावून ७५, आणि सेकंदाला ६५ किलो हवा. विमानाच्या ड्रॅगचे, म्हणजे हवेच्या विरोधाचे, खरे आकडे कोणतीच कंपनी देत नाही. ते आम्ही या वर्गाच्या विमानांसाठी पुस्तकांत मिळणाऱ्या पल्ल्यातून धरले. त्यामुळे पुढचे निकाल आमच्या कागदी विमानाचे आहेत, खऱ्या राफेलचे नाहीत, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहायला लावलं.

आफ्टरबर्नर टाळायचा कशासाठी? एक एम८८ ड्राय पॉवरवर, म्हणजे आफ्टरबर्नरशिवाय, ताशी साधारण ४ टन इंधन घेतं आणि आफ्टरबर्नर लावला की पावणेतेरा टन. थ्रस्ट दीडपट, इंधन तिपटीहून जास्त. राफेलच्या पोटात आणि पंखांत मिळून ४.७ टन इंधन मावतं. समुद्रसपाटीच्या आकड्यांनी हिशेब केला तर दोन्ही इंजिनं पूर्ण आफ्टरबर्नरवर ते ११ मिनिटांत संपवतील, ड्राय पॉवरवर ३५ मिनिटं पुरेल. उंचीवर हवा विरळ असते, तिथे दोन्ही खर्च बरेच कमी होतात, पण त्यांच्यातली तफावत राहतेच. शिवाय आफ्टरबर्नरची ज्वाळा शत्रूच्या इन्फ्रारेड सेन्सरला लांबून दिसते.

ठाण्यात कोलशेत रोडला राहणारे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ वायुदलात मिग-२१ च्या इंजिनांवर काम करून निवृत्त झालेत. मुलांना घेऊन त्यांच्याकडे गेलो. वायुदलात आफ्टरबर्नरला रिहीट म्हणतात. मुलं आकडे सांगू लागली तेव्हा ते म्हणाले, “पोरांनो, टन-बिन राहू द्या. रिहीट लागलं की पायलट आधी घड्याळाकडे बघतो. ते किती वेळ चालू ठेवायचं हे टेक-ऑफच्या आधी ठरलेलं असतं.” सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त होईपर्यंत मिग-२१ ला ध्वनीचा वेग ओलांडायला रिहीट लागतच असे.

पहिली फेरी: अशक्य

उंची ११ किलोमीटर घेतली. प्रमाण वातावरणात, म्हणजे हिशेबासाठी ठरवून धरलेल्या सरासरी हवेत, तिथे तापमान उणे ५६.५ अंश असतं, ध्वनीचा वेग सेकंदाला २९५ मीटर, म्हणजे १.४ मॅकला विमान सेकंदाला ४१३ मीटर जातं. ड्रॅग आला ४७ किलोन्यूटन.

थ्रस्टसाठी मुलांनी सरळ वाट धरली. जमिनीवर दोन इंजिनांचे १०० किलोन्यूटन. ११ किलोमीटरवर हवेची घनता जमिनीच्या तीस टक्के. म्हणून थ्रस्ट ३० किलोन्यूटन. ४७ समोर ३० म्हणजे विमान त्या वेगाला टिकणारच नाही. गटातली एक मुलगी म्हणाली, “सर, खरं विमान उडतंय आणि आमच्या शीटमध्ये ते पडतंय.”

चूक कुठे होती? ही मुलं इंजिनाला बाहेरची शांत हवा देत होती. पण इंजिनाला ती हवा कधी मिळतच नाही. १.४ मॅकने जाणारं विमान समोरची हवा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा देणाऱ्या वाटेत, कोंबतं आणि कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या पात्यांच्या) आधीच ती दाबली जाते. बाहेर दाब २२.६ किलोपास्कल असतो. हवा थांबवल्यावर तो सव्वातीनपटीच्या जवळ जातो. इनटेकच्या तोंडाशी शॉकवेव्ह, म्हणजे हवेचा दाब एकदम चढतो अशी पातळ भिंत, उभी असते, तिच्यात चारेक टक्के वाया जातात. इंजिनाच्या तोंडाशी पोचतात ६९ किलोपास्कल. म्हणजे ११ किलोमीटरवरच्या इंजिनाला वाटतं की आपण फार तर तीन किलोमीटरवर आहोत. सेकंदाला १९ किलो हवा धरली होती ती एकदम ४३ झाली.

इनटेकबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण इंजिनाच्या कौतुकात हा भाग झाकला जातो. १.४ मॅकला एका सरळ उभ्या शॉकवेव्हने ४ टक्केच दाब जातो, पण २ मॅकला २८ टक्के जातो. म्हणून दोन मॅकने उडणाऱ्या कॉंकर्ड या प्रवासी विमानाच्या इनटेकमध्ये हलणारे रॅम्प होते आणि मिग-२१ च्या नाकात पुढे-मागे सरकणारा शंकू होता. राफेलच्या इनटेकमध्ये हलणारा एकही भाग नाही. त्याचा सुपरक्रूझ दीड मॅकच्या आतला असल्याने तिथे साधं, हलकं इनटेकही चालून जातं. किती वेगाचा सुपरक्रूझ हवा, या निर्णयावर विमानाचा अर्धा चेहरा ठरतो.

दुसरी फेरी: दोन मॅकच्याही पुढे

आता उत्साह आला. ४३ किलो हवा, दोन इंजिनांची मिळून ८६. नोझलच्या, म्हणजे जेट बाहेर पडतं त्या तोंडाच्या, आतल्या आणि बाहेरच्या दाबाचं गुणोत्तर जमिनीवरच्यापेक्षा तिप्पट, त्यामुळे जेटचा वेगही ७७० वरून सेकंदाला ९८५ मीटरवर गेला. ८६ गुणिले ९८५, म्हणजे ८५ किलोन्यूटन. ड्रॅग ४७. वेग वाढवत नेला तरी दोन आलेख एकमेकांना छेदेनात.

मी फक्त विचारलं, ही ८६ किलो हवा इंजिनात आली तेव्हा विमानाच्या मानाने तिचा वेग किती होता? चौघंही गप्प झाले. मग एकाने मार्कर उचलून फळ्यावर वजाबाकी लिहिली.

ती हवा सेकंदाला ४१३ मीटरने समोरून आली आहे. तिला थांबवायची किंमत ८६ गुणिले ४१३, साधारण ३६ किलोन्यूटन. ८५ वजा ३६, उरले ४९. ड्रॅग ४७. विमान टिकलं, जेमतेम, पण टिकलं. आम्हाला जे हवं होतं ते हेच: ड्राय पॉवरवर १.४ मॅक.

सुपरक्रूझचं मर्म मला या वजाबाकीत दिसतं. थ्रस्ट म्हणजे जेटचा वेग उणे विमानाचा वेग, गुणिले हवा. विमान जितकं जोरात जाईल तितका कंसातला फरक आटतो. म्हणून जमिनीवरच्या टेस्ट बेडवर इंजिनाने किती थ्रस्ट दिला यावरून काही ठरत नाही. त्या वेगाला, त्या उंचीवर वजाबाकी करून हातात किती उरतं ते बघावं लागतं.

उलव्याच्या नव्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुटू लागली आहेत, त्यामुळे मुलांच्या डोक्यात त्या विमानांची मोठाली इंजिनं होतीच. “सर, ते इंजिन तर याच्या दुपटीहून मोठं. दोन बसवली तर?” मी म्हटलं, घाला शीटमध्ये. बोइंग ७३७-८०० वरचं सीएफएम५६ जमिनीवर १२० किलोन्यूटनपर्यंत थ्रस्ट देतं आणि सेकंदाला ३५० किलोच्या आसपास हवा ओढतं. भागाकार केला तर हवेला मिळालेला सरासरी वेग सेकंदाला ३४० मीटर. आमचं विमान ४१३ ने चाललंय. कोंबलेल्या हवेने जेटचा वेग थोडा वाढेल हे खरं, पण वजाबाकीत हाताला लागण्यासारखं काही उरत नाही, आणि त्या अवाढव्य पंख्याचा स्वतःचा ड्रॅग वेगळाच. प्रवासी इंजिन पुष्कळ हवा हळू ढकलतं, त्यात इंधन वाचतं. सुपरक्रूझच्या इंजिनाला थोडी हवा फार जोरात फेकावी लागते. म्हणून गाभ्याच्या बाहेरून वळवलेल्या हवेचं प्रमाण, म्हणजे बायपास रेशो, सीएफएम५६ मध्ये पाचच्या वर आहे आणि एम८८ किंवा अमेरिकी एफ-२२ च्या एफ११९ मध्ये ०.३ च्या आसपास.

कुबड

वेगाच्या वाटेवर सगळ्यात अवघड जागा १.४ ला नव्हतीच. ती १.१ च्या अलीकडे-पलीकडे होती. ध्वनीच्या वेगापाशी ड्रॅगचा गुणांक एकदम चढतो आणि पुढे हळूहळू उतरतो. आलेखावर हे कुबड स्पष्ट दिसतं. १.१ मॅकला आमच्या शीटमध्ये ड्रॅग ३६ आणि थ्रस्ट ३९. तीन किलोन्यूटनच्या शिलकीवर १४ टनांचं विमान वेग घेत राहतं, पण अगदी रडतखडत, आणि तोवर इंधन जळतच असतं. प्रत्यक्षात पायलट इथे थोडा वेळ आफ्टरबर्नर लावतात किंवा नाक किंचित खाली घेतात, आणि पलीकडे पोचले की ड्रायवर येतात. कॉंकर्डही असंच करायचं: ०.९५ पासून १.७ मॅकपर्यंत रिहीट, मग बंद, आणि पुढे दोन मॅकला तासन्‌तास ड्राय.

हे कुबड कमी करायचा उपाय १९५० च्या दशकातला आहे. अमेरिकेत रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी दाखवलं की नाकापासून शेपटीपर्यंत विमानाचे आडवे छेद घेतले तर त्यांचं क्षेत्रफळ झटक्याने वाढता-घटता कामा नये. पंख सुरू होतात तिथे धड बारीक करायचं. वायएफ-१०२ हे अमेरिकी लढाऊ विमान सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडू शकत नव्हतं. कंबर आवळून पुन्हा बांधल्यावर डिसेंबर १९५४ मध्ये त्याने तो ओलांडला.

शीटमध्ये पंखांखाली चार क्षेपणास्त्रं आणि पोटाखाली एक टाकी लावली. ड्रॅग अंदाजाने १५ टक्के वाढवला, ४७ चे ५४ झाले आणि १.४ मॅक हातचा गेला. म्हणून कोणी अमुक विमान सुपरक्रूझ करतं म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, काय लटकवून? एफ-२२ चं मोठेपण मला इथे वाटतं. त्याची क्षेपणास्त्रं पोटातल्या कप्प्यांत असतात, त्यामुळे लढायला निघालेलं विमान आणि रिकामं विमान हवेला सारखंच दिसतं. त्याच्या आधीच्या वायएफ-२२ ने १९९० च्या चाचण्यांत जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनावर ड्रायमध्ये १.५८ मॅक गाठला होता. अमेरिकी वायुदल आज एफ-२२ साठी १.५ मॅकहून जास्त एवढंच सांगतं.

ध्वनीचा वेग रिहीटशिवाय ओलांडणं त्याहून पुष्कळ जुनं. इंग्लिश इलेक्ट्रिक या ब्रिटिश कंपनीच्या पी.१ विमानाने १९५४ मध्येच सरळ उड्डाणात ते केलं, त्याच्या त्या इंजिनांना रिहीट नव्हताच. पण एक मॅक जेमतेम ओलांडणं आणि दीड मॅकला शस्त्रांसह राहणं यांना एकाच शब्दात बसवणं मला पटत नाही.

उष्णतेची भिंत

मग वेग १.४ वरच का अडतो? आणखी इंधन टाका आणि जेट आणखी तापवा, एवढं सोपं का नाही? कारण आड येतं टर्बाइन, म्हणजे तापलेल्या वायूने फिरणारं आणि कॉम्प्रेसरला फिरवणारं पात्यांचं चाक. उणे ५६.५ अंशांची हवा १.५ मॅकला कोंबून थांबवली की ४१ अंशांची होते, ठाण्यातल्या मे महिन्याच्या तापलेल्या दुपारसारखी. २ मॅकला ११७ अंश. कॉम्प्रेसर ती आणखी शेकडो अंशांनी तापवतो. टर्बाइनच्या तोंडाशी एम८८ मध्ये १८५० केल्विनची, म्हणजे १५७७ अंश सेल्सिअसची मर्यादा आहे. आत येणारी हवाच गरम असेल तर त्या मर्यादेपर्यंत इंधन टाकायला जागा कमी उरते. आफ्टरबर्नर टर्बाइनच्या मागे असतो, तिथे फिरणारी पाती नसतात, म्हणून तो बिनधास्त जाळू शकतो. सुपरक्रूझ म्हणजे तेवढी गरमी टर्बाइनच्या पुढेच सोसायची.

पात्याचा निकेलचा मिश्रधातू १३५० अंशांच्या आसपास वितळतो आणि वायू १५७७ अंशांचा. पातं टिकतं ते त्याच्या पोटातून थंड हवा फिरवून आणि बारीक भोकांमधून ती पृष्ठभागावर पसरवून. वर सिरॅमिकचा थर, आणि धातूत कणांच्या सीमा राहू नयेत म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं.

ही भोकं वाचून कळत नाहीत. गटातल्या एकाच्या मामांचं रबाळे एमआयडीसीत ईडीएमचं, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरायचं, छोटं वर्कशॉप आहे. त्यांनी इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूचा अंगठ्याएवढा तुकडा घेतला, आधी साधं ड्रिल लावून दाखवलं. टोक घासलं, निळं पडलं आणि धातू तिथे आणखी कडक झाला. मग ईडीएम. केसासारखी पोकळ पितळी नळी गरगर फिरतेय, तिच्यातून पाणी येतंय, टोकाशी ठिणग्या तडतडताहेत आणि नळी धातूला न टेकता आत उतरतेय. भोक आरपार गेलं तोवर नळीचीही चांगली लांबी झिजून गेली होती. मामा म्हणाले, “हे सरळ भोक आहे. तुमच्या पात्यात तिरकं, वाकड्या पृष्ठभागावर आणि आत पोकळी. भोक पडल्यावर समोरच्या भिंतीला नळी लागली की पातं भंगारात.” एका पात्यावर अशी कित्येक भोकं, आणि चाकावर अशी डझनांनी पाती. या कामात आपला देश कुठे आहे? डीआरडीओने हैदराबादच्या प्रयोगशाळेत एकस्फटिकी पाती घडवून २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० पाती एचएएलला दिली. लढाऊ विमानाचं टर्बाइन ही त्यापुढची मोठी चढण आहे.

आपलं आकाश

इथवर गणित प्रमाण वातावरणातलं होतं, आणि ते वातावरण मध्य अक्षांशांवरचं आहे. तोंडी परीक्षेची तयारी करताना गटातल्या एकीने विचारलं, “सर, आपल्या डोक्यावर ११ किलोमीटरवर खरंच उणे ५६ असतं का?” माझ्या मते हा साऱ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला प्रश्न. हवामान खातं सांताक्रूझहून फुगे सोडून वरच्या हवेचं तापमान मोजतं. त्या नोंदी बघितल्या. उष्ण कटिबंधात ११ किलोमीटरवर उणे ४० च्या आसपास तापमान असतं, म्हणजे प्रमाणापेक्षा पंधरा-सोळा अंश गरम.

पंधरा-सोळा अंशांनी काय होतं? १.४ मॅकला इंजिनाच्या तोंडाशी २८ अंशांऐवजी ५१ अंशांची हवा आली. टर्बाइनची मर्यादा तीच, म्हणून इंजिनाला मंद व्हावं लागलं. हवा कमी झाली, जेट मंदावलं, आणि ध्वनीचा वेग गरम हवेत जास्त असल्याने त्याच १.४ मॅकसाठी विमानाला सेकंदाला ४२८ मीटर जावं लागलं. वजाबाकीत उरले ४३ किलोन्यूटन. दाब आणि मॅक तेच असल्यामुळे ड्रॅग ४७ च राहिला. युरोपवर सुपरक्रूझ करणारं आमचं कागदी विमान मुंबईवर त्याच उंचीला करेना.

उपाय वर आहे. आपल्याकडे हवा सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत थंड होत जाते. १४ किलोमीटरला उणे पासष्टच्या पलीकडे तापमान मिळतं आणि इंजिन पुन्हा मोकळं होतं. मात्र तिथे हवा विरळ, पंखाला जास्त कोन घ्यावा लागतो, त्याचा ड्रॅग वाढतो. आमच्या शीटमध्ये थोडं इंधन जळून विमान साडेबारा टनांवर आलं की त्या उंचीला दोन्ही आकडे ३३-३४ किलोन्यूटनपाशी जवळजवळ बरोबरीत येतात.

बेंगळुरूच्या जीटीआरई या डीआरडीओच्या इंजिन-प्रयोगशाळेने कावेरी इंजिनाची आखणी केली तेव्हा हा विचार त्यात होता. बायपास रेशो ०.१६, आणि गरम हवेत व वेगात थ्रस्ट घसरू नये अशी रचना. कावेरी ठरलेल्या थ्रस्टपर्यंत पोचलं नाही आणि तेजसला जनरल इलेक्ट्रिकचं एफ४०४ लागलं, पण ती आखणी आपल्या आकाशासाठी योग्य होती असं मी मानतो. आता पाचव्या पिढीच्या एएमसीए विमानासाठी आधी जनरल इलेक्ट्रिकचंच एफ४१४ आणि पुढे ११० ते १२० किलोन्यूटनचं नवं इंजिन ठरलं आहे. हा ११०-१२० चा आकडा आफ्टरबर्नरसकट, जमिनीवरचा. एफ४१४ वर्गाच्या इंजिनाने ग्रिपेनच्या प्रात्यक्षिक विमानाला जानेवारी २००९ मध्ये ड्रायवर १.२ मॅकच्या पुढे नेलं, पण ते स्वीडनच्या थंड हवेत.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, नव्या इंजिनाच्या मागणीपत्रात तुम्ही कोणता आकडा लिहाल? मुलांनी फळ्यावर लिहिलं: ड्राय थ्रस्ट, १.४ मॅक, ११ किलोमीटर, बाहेरचं तापमान उणे ४०. परीक्षकांनी पुढचा प्रश्न १४ किलोमीटरवरच्या पंखाच्या कोनाबद्दल विचारला, आणि तिथून चर्चा अर्धा तास चालली.